शरीर ‘साफ’ करण्याच्या नावाखाली: डिटॉक्स, जुलाब, हिजामा आणि दुधीचा रस

बकरी ईदचे दिवस उलटले की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज हमखास फिरतो. आठवडाभर मटण झालं, आता लिव्हर साफ करा. काही दिवस सफरचंदाचा रस प्या, मग पाण्यातून एप्सम सॉल्ट घ्या, रात्री ऑलिव्ह ऑइल आणि लिंबाचा रस एकत्र करून पिऊन झोपा, सकाळी पित्ताचे खडे आपोआप पडतील. पनवेलजवळच्या आपल्या कोनमध्ये जुन्या गावातल्या घरांतही हा मेसेज येतो आणि नव्या टॉवरमधल्या फ्लॅटमध्येही येतो.

गंमत अशी की सकाळी खडे खरंच पडतात. हिरवे, मऊसर, डझनांनी. न्यूझीलंडमधल्या डॉक्टरांकडे एक चाळिशीची बाई असेच खडे घेऊन आली होती. त्यांनी ते तपासले आणि २००५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापला. खड्यांत कोलेस्टेरॉल नव्हतं, बिलिरुबिन नव्हतं, कॅल्शियमही नव्हतं. होती ती चरबीची आम्लं. म्हणजे प्यायलेल्या तेलाचा लिंबाच्या रसासोबत पोटातच साबण झाला होता! तिचे खरे खडे पित्ताशयात जागच्या जागी होते. ते शेवटी दुर्बिणीच्या ऑपरेशननंच काढावे लागले.

‘डिटॉक्स’ शब्दाला हॉस्पिटलमध्ये नेमका अर्थ आहे: दारू किंवा नशा सुटताना, किंवा विषबाधा झाल्यावर दिला जाणारा उपचार. तिथं विषाचं नाव माहीत असतं, ते रक्तात मोजता येतं. बाजारातल्या डिटॉक्स चहाच्या पाकिटावर ‘टॉक्सिन’ असं मोघम लिहिलेलं असतं. कोणतं टॉक्सिन, किती होतं, किती उरलं, याचा पत्ता नसतो. विक्रेत्याला हे तीन प्रश्न एकदा विचारून बघा.

सफाईचं खातं शरीरात आधीपासूनच चालू आहे. साधारण दीड किलोचं लिव्हर प्रथिनांच्या पचनातून तयार होणाऱ्या अमोनियाचं युरिया करतं, औषधं आणि दारू मोडून काढतं. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर लघवीवाटे टाकतात. आतड्याचं आतलं अस्तर तर तीन ते पाच दिवसांत नवं होतं, त्यामुळे ‘वर्षानुवर्षं चिकटलेला मळ’ ही कल्पनाच आहे. जी किडनी निकामी झालीय तिचं काम ज्यूस करत नाही, त्यासाठी डायलिसिस लागतं.

मग तीन दिवसांत दोन किलो वजन कसं उतरतं? उतरतं, पण पाणी. लिव्हर आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाची साखर साठलेली असते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. उपाशी राहिलं की साठा संपतो, पाणी निघून जातं. पहिल्या बिर्याणीला सगळं परत. ‘स्लिमिंग टी’मध्ये बहुतेक वेळा सना मक्की, म्हणजे सोनामुखी असते. तिचं काम मोठ्या आतड्यावर चालतं, आणि अन्न त्याच्या आधीच लहान आतड्यात शोषलं गेलेलं असतं. चरबी राहते तिथंच, पाणी आणि पोटॅशियम मात्र जातं. पायाच्या ‘डिटॉक्स मशीन’मध्ये पाणी तपकिरी होतं ना, ते मिठाच्या पाण्यात विजेच्या पट्ट्या गंजल्यामुळे. पाय न घालता मशीन चालवलं तरी तेच होईल.

आता कुणी म्हणेल, आपल्या हकीम-वैद्यांनी हे सगळं पूर्वीच सांगितलंय. सांगितलंय, पण असं नाही. युनानीत शरीरात दम, बलगम, सफरा आणि सौदा असे चार अखलात मानले जातात. बिघडलेला अखलात बाहेर काढण्याला तनकिया म्हणतात. त्यासाठी आधी काही दिवस मुंजिज देऊन तो पिकवायचा, मगच मुसहिल म्हणजे जुलाब द्यायचा, आणि तोही रुग्णाचा मिजाज, वय, ताकद पाहून. आयुर्वेदातल्या पंचकर्मालाही तयारी आहे, परहेज आहे, नंतर हळूहळू जेवणावर येणं आहे. पनवेलकरांना हे परकं नाही. धूतपापेश्वरची आयुर्वेदिक औषधं पनवेलमध्ये १८७२ पासून बनतायत. गांधीजींनी १९४६ मध्ये उरुळी कांचनला निसर्गोपचार सुरू केला, तिथंही आहारावर देखरेख होती. चार अखलातांचा सिद्धांत आजच्या तपासण्यांत उतरत नाही, हे खरंच आहे. पण जुन्या हकिमानं नाडी न बघता, फॉरवर्ड केलेल्या मेसेजवरून जुलाब दिला नसता.

हिजामाबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. अनेक जण सुन्नत म्हणून करतात, काहींना पाठदुखीत आराम वाटतो. त्यावर वाद नाही. पण कपात येणारं रक्त म्हणजे ‘खराब रक्त’ नव्हे, अंगात उरलेल्या रक्तासारखंच ते असतं. करायचंच तर नोंदणीकृत बीयूएमएस हकिमाकडे करा, ब्लेड आणि कप नवीन पाकिटातून समोर फोडायला लावा. तेच ब्लेड पुन्हा वापरलं तर हेपेटायटिस बी आणि सी पसरतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, हिमोग्लोबिन कमी असेल, तर करू नका.

‘नैसर्गिक आहे, नुकसान काय होणार?’ हा प्रश्न आपल्या घरात सगळ्यात जास्त ऐकू येतो. कोरोनाच्या काळात गुळवेलीचा काढा घराघरांत गेला. मुंबईत २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत डॉक्टरांनी असे सहा रुग्ण नोंदवले ज्यांच्या लिव्हरला इजा झाली होती आणि ज्यांनी गुळवेल घेतली होती. आयुष मंत्रालयानं आक्षेप घेतला की वनस्पती नीट ओळखली गेली नसावी, तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत झाली असेल. समजा तसंच असेल, तर पिणाऱ्याला तरी ती वेल कुठं ओळखता येते?

दुधीचं प्रकरण याहून गंभीर. जून २०१८ मध्ये पुण्यात ४१ वर्षांची एक महिला सकाळी धावून आली, दुधीचा रस प्यायली, आणि उलट्या-जुलाब सुरू होऊन काही दिवसांत दगावली. काकडी-भोपळ्याच्या कुळात कुकुर्बिटासिन नावाचं कडू द्रव्य असतं, काही फळांत ते फार वाढतं. भाजीत कडू दुधी लगेच कळतो, आपण ताट बाजूला सारतो. रसात लिंबू, पुदिना, आलं घातलं की चव झाकली जाते, आणि ‘औषध कडूच असतं’ म्हणून माणूस ग्लास रिकामा करतो. यावर उतारा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीनंही कडू रस अजिबात पिऊ नये असंच सांगितलंय. दुधी किसण्याआधी एक चकती जिभेवर ठेवा, कडू लागली तर अख्खा दुधी फेका. पिऊन झाल्यावर पोटात कळ, उलटी, रक्ताचे जुलाब यातलं काहीही झालं तर घरी ताक-लिंबू करत बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा आणि काय प्यायलं ते डॉक्टरांना सांगा.

शुगर, बीपी आणि किडनीच्या पेशंटना धोका सर्वांत जास्त. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन फक्त रसावर राहिलं तर साखर एकदम खाली येते. डापाग्लिफ्लोझिन गटाच्या गोळ्यांवर उपाशी राहिलं तर रक्तात आम्ल वाढू शकतं, आणि तेही साखर फारशी वाढलेली नसताना, त्यामुळे लवकर लक्षातच येत नाही. अधू किडनीला शहाळं आणि फळांच्या रसातलं पोटॅशियम झेपत नाही. रोज ग्लासभर कच्च्या पालकाच्या रसातलं ऑक्झलेट किडनीत साचतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ‘डिटॉक्स चालू आहे तोवर गोळ्या बंद’ हा सल्ला. तो देणाऱ्याला रात्री दोन वाजता फोन करून बघा, उचलेल का?

रोज्यालाही हल्ली ‘नैसर्गिक डिटॉक्स’ म्हणतात. रोजा इबादत आहे, त्याला बाजारातलं लेबल कशाला? सूर्यास्तानंतर भजी, समोसे, सरबत यांवर तुटून पडलं तर महिनाभरानं वजन वाढलेलंच दिसतं. शुगर असलेल्यांसाठी आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघानं रमजानची वेगळी मार्गदर्शिका काढली आहे, २०२१ मध्ये ती सुधारली. त्यात पेशंटची जोखीम मोजून कोणी रोजा ठेवावा, कोणी टाळावा आणि गोळ्यांच्या वेळा कशा बदलाव्यात हे दिलंय. रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटा. एचबीए१सी आणि क्रिएटिनिन या दोन तपासण्या करून घ्या. रोज्यात बोटाला सुई टोचून साखर तपासल्यानं रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलेमा सांगतात. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर त्याच क्षणी रोजा सोडावा, असं मार्गदर्शिका सांगते.