धाब्यापासून पत्र्यापर्यंत : आपल्या छताची गोष्ट

स्मरणिकेसाठी ‘गच्चीवर काहीतरी लिहा’ असं संपादक मंडळाने सांगितलं, तेव्हा मला आधी आठवला तो पत्रा. जुन्या सभासदांना आठवत असेलच. मे महिन्याची संध्याकाळ, आधी धुळीचा लोट, मग वारा, आणि गच्चीवरच्या शेडचा अख्खा पत्रा उडून खाली सायकलींवर पडला. वॉचमनकाका ओरडले, “पत्रा उडी गया!” पाच मिनिटांपूर्वी तिथेच आपली मुलं खेळत होती.

आपल्यापैकी बऱ्याच जणांची गावाकडची घरं धाब्याची. लाकडी तुळया आणि कड्या, त्यावर फळ्या, आणि वर मातीचा जाड थर. पावसाळ्याआधी वर नवी माती टाकायची, हे घरोघरी ठरलेलं काम. धाबं गळायचं, पण उडायचं नाही. वजनच तेवढं होतं! शहरात आलो, सिमेंटचा स्लॅब आला. तोही जड, म्हणून वाऱ्याची काळजी कुणी केली नाही. पुढे स्लॅब गळू लागला आणि उन्हाळ्यात तापू लागला, म्हणून वर पत्रे आले. इथे आपण फसलो. छत हलकं झालं, पण सवय जड छताचीच राहिली. पत्र्यावर चार विटा आणि एक टायर ठेवला, की झालं!

वाऱ्याचा हिशेब सरकारी मानकात फार आधीपासून आहे. आयएस ८७५ हे मानक १९५७ साली आलं. वाऱ्याचा भाग १९८७ मध्ये स्वतंत्र झाला आणि २०१५ मध्ये सुधारला. त्यात नाशिक आणि औरंगाबादसाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर. या वेगाचा मूळ दाब चौरस मीटरला ९० किलोच्या वर जातो. दहा बाय दहा फुटांच्या छतावर तो साडेआठशे किलोंच्या आसपास होतो. उंची आणि शेडच्या उघड्या बाजूंप्रमाणे आकडा बदलतो. मुख्य म्हणजे वारा पत्र्याला नुसता दाबत नाही, वर ओढतो. कडेला आणि कोपऱ्यात ही ओढ सर्वांत जास्त. तिथे चार विटा काय करणार?

हे फक्त आपल्याकडेच घडलं असं नाही. अमेरिकेत फ्लोरिडात २४ ऑगस्ट १९९२ रोजी अँड्र्यू चक्रीवादळ आलं. छताच्या फळ्या नीट ठोकलेल्या नव्हत्या, म्हणून असंख्य घरांची छतं उडाली. त्यानंतर नियम कडक झाले आणि २००२ पासून राज्यभर एकच बांधकाम संहिता लागू झाली. आपल्याकडे ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं, तेव्हा कोकणातही घरोघरचे पत्रे आणि कौलं गेली. खानदेश समुद्रापासून लांब, हे खरं. पण रावेर-यावलच्या केळीबागा आडव्या करणारं वळवाचं वादळ आपल्याला नवीन नाही.

पत्रा पडल्यावर आपल्या सभेत वाद झाला. खर्च कशाला, असंही काहींनी म्हटलं. शेवटी विटा खाली उतरल्या. पत्रे लोखंडी पाइपांना हुक-बोल्टने आवळले, कडेला आणि कोपऱ्यात बोल्ट जवळजवळ घेतले, आणि पाइपांचे पाय स्लॅबमध्ये पक्के केले. कारण पत्रा पाइपाला आणि पाइप स्लॅबला, ही साखळी एका ठिकाणी जरी कच्ची असली, तरी सगळं शेडच उडतं.

आता इमारत पंचविशीत आली. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. त्यात गच्चीवरचं शेडही दाखवून घ्यावं. आणि एक विनंती : दर आखाजीला, झोके बांधायच्या आधी, दोघा-तिघांनी वर जाऊन गंजलेले बोल्ट बघावेत. आपले आजोबा धाब्यावर माती टाकायला चढायचे, तसंच.