लाल दिवा कोणासाठी?

स्टुडिओतल्या कॅमेऱ्यावरचा लाल दिवा आपण सगळ्यांनी पाहिलाय. तो पेटला म्हणजे हा कॅमेरा आत्ता प्रक्षेपणात आहे. याला म्हणतात टॅली. आपली समजूत अशी, की तो निवेदकासाठी असतो, कुठं बघायचं हे त्याला कळावं म्हणून. खरं आहे, पण अर्धंच. मागे जाऊन पाहिलं तर त्याची निकड कॅमेऱ्यामागच्या माणसाला जास्त होती.

१९४६ च्या सुमारास अमेरिकेत आरसीए कंपनीचा टीके-३० हा कॅमेरा आला. त्याच्या तोंडाशी चार लेन्सची फिरती तबकडी होती. जवळचा शॉट हवा, तर मागची मूठ फिरवून दुसरी लेन्स समोर आणायची. हे प्रक्षेपण चालू असताना झालं, तर घरोघरी चित्र गरगरणार! म्हणजे कॅमेरामनच्या दृष्टीनं महत्त्वाचा होता तो विझलेला दिवा. विझला, की हात मोकळा. आणि गोम इथेच आहे बरं का. बल्ब उडाला, तरी दिवा विझलेलाच दिसतो.

आता हा दिवा लावतो कोण? स्विचरवर बटणांची रांग असते, प्रत्येक कॅमेऱ्याला एक बटण. बटण दाबलं की चित्राचा मार्ग जुळतो आणि सोबत एक वेगळा रिले दोन तारा एकमेकींना जोडतो. स्विचर स्वतः वीज पुरवत नाही, फक्त मंडल पूर्ण करतो. वीज कॅमेऱ्याच्या बाजूची. यामुळे एका कंपनीचा स्विचर आणि दुसरीचा कॅमेरा यांचं जमतं. ही साधी युक्ती अजून टिकून आहे.

पण बटण आणि दिवा यांचं हे सरळ नातं लवकरच तुटलं. डिझॉल्व्ह घ्या. एक चित्र विरतंय, दुसरं उमटतंय, तेवढा वेळ दोन्ही कॅमेरे लाल हवेत. पुढे स्विचरला मिक्स-इफेक्टच्या रांगा आल्या, एकीचं चित्र दुसरीत जाऊ लागलं. समजा, वरच्या रांगेत कॅमेरा दोन निवडलाय, पण ती रांगच प्रक्षेपणात नाही. दिवा लागता कामा नये. मग मुख्य रांगेनं तिला उचललं की कॅमेरा दोन लाल झाला पाहिजे, त्याच्या बटणाला कोणी हातही लावलेला नसताना! आमच्या मते टॅलीच्या इतिहासातलं खरं वळण हेच. दिवा बोटाच्या मागे नाही, प्रेक्षकाला दिसणाऱ्या चित्राच्या मागे गेला पाहिजे. हा हिशेब आधी रिलेंच्या साखळ्यांनी केला, नंतर मायक्रोप्रोसेसरनं.

आणि स्विचरच्या आधी राउटर असेल तर? तिथं कोणी तारांची अदलाबदल केली, की इनपुट तीनवर कॅमेरा पाच येतो. मग टॅलीच्या यंत्रणेला राउटरलाही विचारावं लागतं.

पुढच्या शॉटसाठी हिरवा दिवा, मॉनिटरखाली कॅमेऱ्याचं नाव, हे सगळं आता सर्रास आहे. छोट्या थेट प्रक्षेपणांत तर कॅमेऱ्याला अडकवलेला मोबाइलच वायफायवरून लाल होतो. स्वस्त आणि सोयीचं. फक्त वायफाय अडखळलं, तर कट आधी होतो आणि दिवा मागून पोचतो. म्हणून अशा ठिकाणी दिवा विझलेला दिसला तरी जाणता कॅमेरामन लगेच कॅमेरा हलवत नाही, क्षणभर थांबतो.