पटकीचा जीवाणू, त्याचे विषाणू आणि शहापूर-मुरबाडचे पाणी

पटकीचा जीवाणू पाण्यातून पसरतो आणि त्याच्यावर जगणारे विषाणूही त्याच पाण्यात सापडतात. बॅक्टेरिओफाज किंवा नुसते फाज म्हणून ओळखले जाणारे हे विषाणू माणसाच्या पेशीत शिरत नाहीत. जीवाणूच्या पृष्ठभागावरच्या ठरावीक रेणूला ते चिकटतात आणि आपला जनुकीय ऐवज आत सोडतात. बहुतेकदा थोड्याच वेळात जीवाणू फुटून कितीतरी नवे विषाणू बाहेर पडतात. या झुंजीचे ज्ञान ज्या काळात वाढले, त्याच काळात ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांचे पाणी शहरांकडे वळत गेले.

एकोणिसाव्या शतकात मुंबईत पटकी ठाण मांडून होती. विहिरी आणि तळ्यांच्या पाण्याऐवजी शहराला विहार तलावाचे नळाचे पाणी 1860 मध्ये मिळाले, तुळशीचे 1879 मध्ये. तेही अपुरे पडले तेव्हा शहापूर तालुक्यात तानसा नदीवर सुमारे पावणेतीन किलोमीटर लांबीचे दगडी धरण बांधले गेले आणि 1892 मध्ये तिथले पाणी मुंबईकडे वाहू लागले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये वाल्डेमार हाफकिन यांनी पटकीची लस स्वतःला टोचून घेतली आणि पुढच्या वर्षी ते भारतात आले. खेड्यापाड्यांत तेव्हा साथ आली की पटकीची देवी मानलेल्या मरीआईचा गाडा गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडत. ज्यांच्या हाती दुसरे काहीच नव्हते त्यांचा तो उपाय होता.

1896 मध्ये आग्र्याचे संशोधक अर्नेस्ट हॅनबरी हँकिन यांनी गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जीवाणू लवकर मरतात असा निबंध फ्रेंचमध्ये छापला. फाजची पहिली नोंद म्हणून तो आजही सांगितला जातो. परंतु त्यांच्याच प्रयोगांत उघड्या भांड्यात उकळलेल्या पाण्याचा हा गुण जाई आणि सीलबंद नळीत तापवले तर टिकून राही. विषाणू अशा उष्णतेत तग धरत नाहीत. त्यामुळे हँकिन यांना दिसला तो परिणाम एखाद्या उडून जाणाऱ्या रसायनाचा असण्याची शक्यता अधिक आहे. फाजच्या शोधाचे श्रेय फ्रेडरिक ट्वॉर्ट (1915) आणि फेलिक्स द'हेरेल (1917) यांनाच देणे योग्य.

द'हेरेल 1927 मध्ये भारतात आले. पंजाबातल्या गावांत त्यांनी पटकीच्या रुग्णांना फाज पाजले आणि विहिरींतही ओतले. पुढे आसामात फाजच्या कुप्या मोठ्या प्रमाणावर वाटल्या गेल्या. रुग्ण घटल्याच्या नोंदी झाल्या, पण पटकीची साथ आपोआपही ओसरते. म्हणून श्रेय कोणाचे हे ठरवता आले नाही. त्यात जीवाणूही बदलत असतात. कोट्यवधींमधल्या एखाद्याचा पृष्ठभाग आधीच थोडा वेगळा असतो, फाज त्याला चिकटू शकत नाही आणि पुढची सगळी प्रजा त्याचीच होते. असे बदल फाजमुळे घडत नाहीत, ते आधीपासूनच झालेले असतात. साल्व्हादोर लुरिया आणि मॅक्स डेलब्रुक यांनी 1943 मध्ये हे सिद्ध केले. उत्क्रांतीचा अभ्यास प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत करता येतो हे त्यातून उमगले.

पटकीच्या बाबतीत ही कथा आणखी गुंतागुंतीची आहे. 1964 मध्ये एल टोर नावाचा नवा प्रकार भारतात पोचला आणि जुन्या प्रकाराला त्याने हळूहळू हटवले. दोघांमधला फरक ओळखायला कोलकात्याच्या एस. मुखर्जी यांनी शोधलेला एक फाज कामी आला: तो जुन्या जीवाणूला मारी, एल टोरला नाही. त्याआधी 1959 मध्ये शंभूनाथ डे यांनी पटकीचे विष कोलकात्यातच दाखवून दिले होते. त्या विषाची जनुके मुळात एका फाजचीच आहेत, हे 1996 मध्ये मॅथ्यू वाल्डोर आणि जॉन मेकॅलनॉस यांनी सिद्ध केले. हा तंतुमय फाज जीवाणूला मारत नाही, त्याच्या गुणसूत्रात मुक्काम करतो. आत शिरायला तो जीवाणूचा जो केसासारखा तंतू वापरतो, त्याच्याच आधारे जीवाणू माणसाच्या आतड्यात टिकून राहतो. फाजपासून सुटायला तो तंतू टाकून दिला तर आतड्यातले बस्तान जाते. निरुपद्रवी जलजीवाणू माणसाचा वैरी कसा बनला, याचे मोठे उत्तर या एका विषाणूत आहे.

दरम्यान शहापुरात तानसाच्या जोडीला 1957 मध्ये मोडकसागर आणि नंतर भातसा ही धरणे उभी राहिली. बारवी धरणाच्या जलाशयाखाली मुरबाड तालुक्यातल्या गावांची जमीन गेली. ते पाणी औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) आणि आसपासच्या शहरांना जाते. याच दोन तालुक्यांत कातकरी, ठाकूर आणि महादेव कोळी यांच्या कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, नाहीतर झऱ्यावर वाटीवाटीने पाणी भरावे लागते. हा अन्याय उघड आहे. पहिल्या पावसात रानातली घाण विहिरीत उतरते आणि जुलाबाचे रुग्ण वाढतात. तेव्हा ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत क्लोरीनची टीसीएल पावडर टाकतो, किमान अर्धा तास पाणी उपसू देत नाही आणि मग पाण्यात क्लोरीन उरले आहे का हे पाहणारी ओटी चाचणी घेतो. फाज सहसा एकाच जातीच्या, किंबहुना एकाच प्रकारच्या जीवाणूला धरतो. क्लोरीन जीवाणूची जात पाहत नाही. पाण्याच्या स्रोताच्या स्वच्छतेची पाहणी होऊन धोक्यानुसार ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड दिले जाते.