फटफटींतील फेरफार



अलिबागहून रेवदंड्यास आणि तेथून काशीदवरून मुरुडास जाणारा रस्ता ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस रविवारच्या सकाळचें तेथील एक दृश्य परिचयाचें असेल. लहान इंजिनाच्या, परंतु शर्यतीच्या गाडीचा डौल मिरविणाऱ्या मोटरसायकलींची रांग भरधाव येते. कोणाचें मागलें चाक कारखान्यांतून निघालें त्याहून रुंद झालेलें असतें, कोणाचा सायलेन्सर आंखूड झालेला असतो, कोणाच्या इंजिनांतील दट्ट्या मूळचा राहिलेला नसतो. २०२० सालीं भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास वाहनें आणणारी बोट सुरू झाली, तेव्हांपासून या रांगेंत मुंबईकरांचीही भर पडली आहे. वडीलधारी मंडळी कपाळास आठ्या घालून म्हणतात, "चांगल्या गाडीची नासाडी केली!" तरुण म्हणतात, "गाडी आतां कोठें आमची झाली." या दोन्ही पक्षांस उपयोगीं पडेल असा या फेरफारांचा थोडा इतिहास मी आज सांगणार आहें.

आपल्या साधनांत गरजेप्रमाणें बदल करणें हें कोंकणच्या किनाऱ्यास मुळींच नवें नाहीं. १९८१ पर्यंत कुलाबा या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर अठराव्या शतकाच्या आरंभीं कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचा संचार असे. त्यांतील गुराबेची नाळ सखल ठेवलेली असे, ती तिच्यावरून थेट समोर तोफा डागतां याव्यात म्हणून. गलबतांस शिडाबरोबर वल्हींही असत. वारा पडला म्हणजे तीं गुराबेस ओढून नेत. तळ उथळ असल्यामुळें हीं जहाजें खाडींत शिरत आणि मोठें विलायती जहाज बाहेरच अडून राही. पण या लाभाची किंमत होती. विलायती जहाजाच्या दोन्ही कुशींस भारी तोफांच्या ज्या रांगा असत, त्या या हलक्या जहाजांस पेलण्यासारख्या नव्हत्या. आज याच किनाऱ्यावर होणाऱ्या बैलगाडीच्या शर्यतींतही तोच न्याय दिसतो. शर्यतीची गाडी सडी आणि हलकी असते. तींत भाताचे भारे घालूं म्हटलें तर ती टिकावयाची नाहीं.

यावरून निघणारा सिद्धान्त साधा आहे. फेरफार म्हणजे देवघेव. एक गुण घ्यावयाचा तर दुसरा मोबदल्यांत द्यावा लागतो. जो काय दिलें याचा हिशेब ठेवतो तो कारागीर. जो केवळ काय मिळालें तेवढेंच पाहतो तो हौशी. मोटरसायकलीच्या इतिहासांत या दोन जातींचीं माणसें पदोपदीं भेटतात.

पहिल्या जातीचा नामांकित पुरुष न्यूझीलंडमधील बर्ट मन्रो हा होय. त्यानें १९२० सालीं 'इंडियन' या अमेरिकन कंपनीची 'स्काउट' नांवाची ६०० घन सेंटिमीटरची गाडी विकत घेतली. तिचा मूळचा वेग ताशीं सुमारें ५५ मैल, म्हणजे ८८ किलोमीटर. त्या एकाच गाडीवर तो जन्मभर काम करीत राहिला. दट्ट्ये तो घरीं ओतून तयार करी. सिलिंडर, कॅम, फ्लायव्हील हेंही स्वतःच्या हातानें घडवी. आणि झालेल्या कामाची परीक्षा आपल्या गांवाजवळील ओरेटीच्या समुद्रकिनाऱ्यावर घेई. शेवटीं त्या इंजिनाचें आकारमान सुमारें ९५० घन सेंटिमीटरपर्यंत गेलें. १९६७ सालीं, वयाच्या ६८ व्या वर्षीं, त्यानें अमेरिकेंतील बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर हजार घन सेंटिमीटरखालच्या वर्गांत विक्रम केला. मूळ आकडेमोडींत एक चूक राहिली होती. ती २०१४ सालीं दुरुस्त झाल्यावर तो विक्रम ताशीं १८४ मैल, म्हणजे सुमारें २९६ किलोमीटर, असा नोंदला गेला.

परंतु मला त्या विक्रमाहून त्याच्या कामाच्या खोलींतील एक फळी अधिक महत्त्वाची वाटते. फुटलेले दट्ट्ये, वांकलेले दांडे, वितळलेले तुकडे त्यानें तींवर मांडून ठेवले होते, आणि 'वेगदेवतेस अर्पण' अशा अर्थाची पाटी वर लावली होती. हिशेबाची वही यापरती कोणती? काय गमावलें हें तो लपवीत नव्हता.

आतां लहान शर्यती गाडीच्या इंजिनाकडे वळूं. या गाड्यांचें पूर्वजपण टू-स्ट्रोक इंजिनाकडे जातें. या इंजिनांत सिलिंडरच्या माथ्यावर झडपा नसतात. भिंतींतच खिडक्या असतात, आणि वरखालीं होणारा दट्ट्याच त्या उघडतो व झांकतो. यंत्र साधें, पण त्यांत एक दोष होता. जळलेला वायु बाहेर पडतांना त्याच्याबरोबर ताजें मिश्रणही निसटून जाई. पूर्व जर्मनींत झोपाउ येथें एम झेड कंपनीच्या शर्यतविभागाचा प्रमुख वॉल्टर काडेन यानें हा दोष दूर करण्याची विद्या पूर्णत्वास नेली. धूर सोडणारी नळी आधीं हळूहळू रुंद व पुढें पुन्हां अरुंद केली, कीं तींतून गेलेली दाबाची लाट प्रथम ओढ निर्माण करते, आणि मग परत येऊन बाहेर निसटणारें मिश्रण आंत ढकलते. १९६१ सालापर्यंत त्यानें १२५ घन सेंटिमीटरच्या इंजिनांतून २५ अश्वशक्ति काढली. लिटरमागें हा हिशेब २०० अश्वशक्तीचा होतो.

त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत त्याचा मुख्य शर्यतपटु अर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधील शर्यतीनंतर पश्चिमेकडे पळून गेला आणि जपानच्या सुझुकी कंपनीस मिळाला. जातांना त्यानें ही विद्याही बरोबर नेली. १९६२ सालीं ५० घन सेंटिमीटरच्या वर्गांतील जगज्जेतेपद सुझुकीच्या गाडीवर त्यानेंच मिळविलें. जपानी टू-स्ट्रोक गाड्यांच्या पुढील भरभराटींत या चोरून नेलेल्या ज्ञानाचा वांटा मोठा आहे. आपल्याकडे खेड्यांतला मिस्त्री कानस घेऊन सिलिंडरची खिडकी थोडी वर चढवितो, तेव्हां तो नकळत त्या पूर्व जर्मन इंजिनियराचाच दूरचा शिष्य असतो.

आपल्या देशांत ही विद्या १९८० नंतरच्या दशकांत जपानी सहकार्यानें निघालेल्या गाड्यांबरोबर आली. १९८३ सालीं राजदूत ३५० आली. ती मूळ जपानी गाडीची शक्ति कमी करून, येथील पेट्रोलच्या भावास मानवेल अशी केलेली होती. म्हणजे कारखान्यानें स्वतःच देवघेव केली होती. १९८५ च्या अखेरीस यामाहा आर एक्स १०० आली. ९८ घन सेंटिमीटर, ११ अश्वशक्ति, वजन सुमारें १०० किलो. लिटरमागें ११२ अश्वशक्ति! काडेनच्या शर्यती इंजिनाच्या निम्म्याहून अधिक शक्ति भाजी आणावयास जाणाऱ्या माणसाच्या हातीं आली. ती १९९६ पर्यंत निघत होती. आणि धुराचे नियम कडक झाल्यावर टू-स्ट्रोक मोटरसायकली बाजारांतून गेल्या, तरी तिचें प्रेम गेलें नाहीं. पुढें २००१ सालीं पुण्याच्या बजाज कंपनीची पल्सर निघाली, २०१२ सालीं चाकणच्या कारखान्यांतून के टी एम ड्यूक २०० निघाली, आणि फेरफाराची हौस चार फेऱ्यांच्या इंजिनाकडे वळली. आज तर पुष्कळ ठिकाणीं कानशीची जागा संगणकानें घेतली आहे. इंधन किती आणि केव्हां सोडावयाचें तें आंकडे बदलून ठरवितां येतें.

आतां हिशेबाची दुसरी बाजू पाहूं. टू-स्ट्रोकची खिडकी वर चढविली म्हणजे शक्ति वाढते खरी, पण ती वरच्या फेऱ्यांतच वाढते; खालच्या फेऱ्यांत इंजिन दुबळें होतें. चढावर दोघांस घेऊन जाणारी गाडी आतां धापा टाकूं लागते. उष्णता वाढते, आणि तेल किंवा इंधन थोडें कमी पडलें कीं दट्ट्या सिलिंडरास चिकटून मागलें चाक जागच्या जागीं जखडतें. शिवाय आर एक्स १०० चीं दोन्ही ब्रेकें ड्रमचीं. ताशीं ८० चा वेग १०० वर नेला तर वेग चौथाईनेंच वाढतो. पण ब्रेकानें जिरवावयाची ऊर्जा छप्पन्न टक्क्यांनीं वाढते. इंजिन बदलणाऱ्यानें ब्रेक तेच ठेवले, तर त्यानें अर्धें काम करून गाडी रस्त्यावर सोडली असें म्हणावें लागेल.

चाकाचेंही तसेंच आहे. रुंद टायर व जड रिम बसविली कीं गाडी भारदस्त दिसते. परंतु रिमेच्या कडेवर वाढलेला एक किलो वेग घेतेवेळीं दोन किलोंसारखा वागतो, कारण त्यास पुढेंही न्यावें लागतें आणि फिरवावेंही लागतें. ज्या चाकावरून वेगमापक चालतो त्याचा परीघ शेंकडा पांचांनीं वाढला, तर कांटा ६० दाखवितो तेव्हां गाडी ६३ नें जात असते. आणि आमच्या किनाऱ्यावर खारा वारा हा तिसरा भागीदार आहे. आऱ्यांचीं टोकें तो गंजवितो; मिश्रधातूच्या चाकावरील रंग चकाकीसाठीं खरवडून काढला तर तेथें पांढरी भुकटी धरते व खड्डे पडतात; ॲल्युमिनियमांत बसविलेला पोलादी बोल्ट खाऱ्या ओलाव्यानें असा धरून बसतो कीं पुढें तो तुटतो, पण निघत नाहीं. शहरांतील दुकानांत झळकणारा भाग येथें किती पावसाळे काढील, हा प्रश्न घेण्यापूर्वींच विचारला पाहिजे.

शेवटीं कायद्याचा मुद्दा. १९८८ च्या मोटर वाहन कायद्याचें ५२ वें कलम, २००० सालच्या दुरुस्तीनंतर, सांगतें कीं नोंदणीपत्रांतील तपशील कारखान्यानें मूळ ठरविलेल्या तपशिलाशीं विसंगत होईल असा बदल मालकानें करूं नये. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें याच अर्थास दुजोरा दिला; आणि त्याच वर्षाच्या दुरुस्तीनें अशा दर बदलामागें ५००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या. पेणच्या कार्यालयांत नोंदलेल्या गाडीस हा नियम लागू आहे, तसाच मुंबईहून बोटीनें उतरलेल्या गाडीसही आहे.

तरुणांस हा नियम जाचक वाटतो, आणि त्यांच्या गाऱ्हाण्यांत तथ्य नाहीं असें मी म्हणणार नाहीं. देशांतील जुने शर्यतमार्ग चेन्नई व कोइमतूरजवळ आहेत. मुरुडच्या मुलानें आपली कारागिरी कोठें पारखावी? बैलगाडीच्या शर्यतींवर २०१४ सालीं बंदी आली, पण त्या कायमच्या बुडाल्या नाहींत. अटी घालून २०२१ च्या डिसेंबरांत त्या पुन्हां सुरू झाल्या. हौसेस हद्द आंखून दिली म्हणजे ती टिकते, असा त्याचा अर्थ आहे. यंत्राच्या हौसेसही अशी बंदिस्त जागा मिळावी, हें मागणें रास्त आहे.

परंतु ती मिळेपर्यंत एक भेद विसरतां येत नाहीं. मन्रोनें आपल्या फळीवर जें मांडलें तें सारें त्याचें स्वतःचें होतें. काशीदच्या वळणावर ब्रेक अपुरा पडला, तर अर्पण होणारी वस्तु दुसऱ्या कोणाची असूं शकते. डोक्यावर मासळीची पाटी घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या बाईनें त्या देवघेवींत भाग घेण्यास कधींच संमति दिलेली नसते. गाडीस हात लावण्यापूर्वीं कारागिरानें आपल्या वहींत तिचेंही नांव लिहावें, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.