ठराव आणि ओंजळ

‘सार्वजनिक’ हा शब्द आम्ही नित्य उच्चारतों. त्याचा खरा कस महाडच्या चवदार तळ्यावर लागला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले असावेत, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळानें १९२३ सालीं संमत केला. महाडच्या नगरपालिकेनेंही १९२४ सालीं तळें खुलें केलें. तरी तीन वर्षें एकही ओंजळ त्या पाण्यापर्यंत पोहोंचली नाहीं. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर व परिषदेचे प्रतिनिधी शांतपणें तेथें गेले आणि पाणी प्याले. लागलीच ‘आतां हे वीरेश्वराच्या देवळांत शिरणार’ अशी खोटी आवई उठली व प्रतिनिधींवर लाठ्या पडल्या. आंबेडकरांनीं आपल्या लोकांस हात उगारूं दिला नाहीं. ऑगस्टांत नगरपालिकेनें ठराव फिरविला. डिसेंबरच्या परिषदेस जागा दिली ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनीं. तळ्यावर केवळ स्पृश्यांचा हक्क, हा दावा उच्च न्यायालयानें १९३७ सालीं अमान्य केला. ठरावानें हक्क मिळतो. परंतु आवई ऐकतांच शेजाऱ्यास आधीं विचारून पाहण्याची संवय नसेल, तर तो हक्क कागदावरच सुकतो, असें आम्हांस वाटतें.