पवित्र विहीर : निजामुद्दीनची बावली

* येथील ‘पवित्र विहीर’ म्हणजे दिल्लीत हजरत निजामुद्दीन औलिया (मृ. १३२५) यांच्या दर्ग्यालगत असलेली बावली. आपण जिला बारव म्हणतो तीच ही रचना : एका बाजूने थेट पाण्यात उतरत गेलेल्या पायऱ्या, उरलेल्या तीन बाजूंना उंच दगडी भिंती. बांधकाम १३२१-२२च्या सुमाराचे. तेव्हा येथे शहराबाहेरचे गियासपूर हे खेडे होते. त्याच काळात गियासुद्दीन तुघलक तुघलकाबादचा किल्ला बांधत होता. दंतकथा अशी, की मजूर दिवसा किल्ल्यावर आणि रात्री बावलीवर राबत. सुलतानाने तेलाची विक्री बंद केली, तेव्हा बावलीच्या पाण्यावरच दिवे पेटले. शिष्य नसिरुद्दीन यांच्या ‘चिराग-ए-दिल्ली’ या नावाशी लोक ही कथा जोडतात. जिवंत झऱ्यांमुळे बावलीत आजही पाणी आहे. २००८ मध्ये भिंतीचा काही भाग ढासळला. त्यानंतर पुरातत्त्व खाते आणि आगाखान ट्रस्ट यांनी गाळ उपसून तिची दुरुस्ती केली. भाविक हे पाणी पवित्र मानतात. दर्शनाला जाणाऱ्या वाचकांनी त्यात काहीही टाकू नये, ही विनंती. — संपा.