उजेड कोणाचा? ल्यों शहराच्या रात्रीचा इतिहास

१/
फ्रान्समधील ल्यों शहराने १९८९ साली एक वेगळाच आराखडा हाती घेतला. त्यात नवा रस्ता नव्हता, पूल नव्हता, इमारतही नव्हती. रात्री शहर कसे दिसावे, एवढाच त्याचा विषय होता. नाव होते 'प्लां ल्युमिएर', म्हणजे प्रकाश-आराखडा. ऐतिहासिक शहरांच्या प्रकाशयोजनेचा विषय निघाला की आजही ल्योंचे नाव आधी घेतले जाते. या आराखड्यामागे तीन शतकांहून जुना एक प्रश्न आहे : रस्त्यावरचा दिवा नेमका कोणासाठी लावायचा?
#थ्रेड

२/
सुरुवात पॅरिसपासून करावी लागते. १६६७ मध्ये चौदाव्या लुईने निकोला द ला रेनी याला राजधानीचा पोलीस-प्रमुख नेमले. त्याच वर्षी रस्त्यांवर मेणबत्त्यांचे कंदील टांगण्यात आले. त्यांचा खर्च 'चिखल आणि कंदील' या नावाच्या करातून वसूल होई. रस्त्याची स्वच्छता, सुरक्षितता आणि उजेड या तिन्ही गोष्टी पोलिसी व्यवस्थेचाच भाग होत्या. १६९७ च्या फर्मानाने हीच पद्धत राज्यातील इतर प्रमुख शहरांत नेली.

३/
दिवा हा राजसत्तेचा डोळा आहे, हे सामान्य माणसाने अचूक ओळखले होते. जुलै १८३० च्या क्रांतीत पॅरिसच्या बंडखोरांनी रस्त्यांवरचे दिवे फोडले. त्यामागे राग होता आणि हिशेबही होता : अरुंद, वळणदार गल्ल्यांत काळोख पसरला की सैन्याची वाट अडते आणि तिथल्या रहिवाशाची सोपी होते.

४/
ल्योंमध्ये मात्र उजेडाला दुसरा वारसा लाभला. रोन आणि सोन या दोन नद्यांच्या काठी वसलेल्या या शहराच्या पश्चिमेला फूर्व्हियेरची टेकडी आहे. तेथील प्रार्थनामंदिराच्या मनोऱ्यावर जोसेफ-युग फाबिश या शिल्पकाराने घडवलेली मेरीमातेची मूर्ती बसवायची होती. मुहूर्त ठरला ८ सप्टेंबर १८५२. पण सोन नदीला पूर आला आणि सोहळा ८ डिसेंबरवर गेला.

५/
८ डिसेंबरलाही वादळी पाऊस कोसळला. समारंभ पुन्हा रद्द होणार असे दिसू लागले. संध्याकाळी आभाळ निवळले आणि लोकांनी आपापल्या खिडक्यांत मेणबत्त्या लावल्या. दिवाळीत उंबऱ्यावर पणती ठेवावी तशी ही रीत दरवर्षी चालू राहिली. काचेच्या छोट्या भांड्यातील या दिव्याला तिथे 'ल्युमिन्यों' म्हणतात. कोणत्याही फर्मानावाचून, घराघरांतून रस्त्यावर आलेला हा उजेड होता.

६/
विसाव्या शतकाच्या मध्यावर याच टेकडीच्या पायथ्याचे 'जुने ल्यों' मोडकळीस आले होते. पंधराव्या-सोळाव्या शतकांतील व्यापाऱ्यांचे वाडे आणि त्यांच्या पोटातून एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत नेणाऱ्या 'त्राबूल' नावाच्या बोळवाटा काळवंडल्या होत्या. महापौर लुई प्रादेल यांचा ओढा मोटारींसाठी प्रशस्त रस्ते करण्याकडे होता. या वस्तीतून रस्ता काढण्याचा बेत पुढे आला आणि रहिवाशांच्या संघटनेने त्याला कडवा विरोध केला.

७/
सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांच्या पुढाकाराने ऑगस्ट १९६२ मध्ये ऐतिहासिक वस्त्यांच्या रक्षणाचा कायदा झाला. एकेका स्मारकाऐवजी संपूर्ण वस्तीला संरक्षण देणारा हा कायदा होता. १९६४ मध्ये जुने ल्यों देशातील पहिला संरक्षित विभाग ठरले. क्षेत्र सुमारे २४ हेक्टर. वाड्यांची डागडुजी सुरू झाली. १९९८ मध्ये युनेस्कोने या ऐतिहासिक शहराला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

८/
दिवसा वाचलेले शहर रात्री मात्र हरवत होते. त्या काळी युरोपभर रस्त्यांसाठी सोडियमचे दिवे लावले जात. वीज कमी लागे, आयुष्य जास्त. पण त्यांच्या पिवळट-नारिंगी उजेडात बाकीचे रंग मरतात. गुलाबी, गेरूच्या छटांच्या भिंती एकसारख्या मळकट दिसू लागतात. शिवाय खांबाची उंची, अंतर आणि झोताची दिशा ठरे ती वाहनाच्या सोयीने. पादचारी आणि वास्तू दोघेही या हिशेबात नव्हते.

९/
१९८९ मध्ये मिशेल न्वार महापौर झाले. ('न्वार' म्हणजे फ्रेंचमध्ये काळा!) त्यांच्या कारकिर्दीत प्रकाश-आराखडा आला. टेकड्या, नदीकाठ, पूल आणि वास्तू यांचा एकत्र विचार सुरू झाला. यातील मुख्य कसब सावलीचे असते. समोरून प्रखर झोत टाकला की कोरीव भिंत सपाट दिसते. भिंतीलगत, तिरका आणि मंद प्रकाश दिला की दगडाचा उठाव उमटतो. सगळेच उजळले, तर काहीच नजरेत भरत नाही.

१०/
१९९४ मध्ये नगरभवनासमोरच्या तेरो चौकाचा कायापालट झाला. दानिएल ब्यूरेन आणि क्रिस्तियां द्रेव्हे यांनी मोटारी जमिनीखाली नेल्या आणि फरसबंदीत पाण्याची ६९ कारंजी बसवली. खालून उजळणारे पाणी हीच रात्रीची सजावट. पुढे देखभालीअभावी कारंजी बंद पडली आणि अखेर चौकाचे मोठे नूतनीकरण करावे लागले. प्रकाशयोजनेचा खरा खर्च उद्घाटनानंतर सुरू होतो, हा धडा या चौकाने दिला.

११/
पहिल्या आराखड्याची मर्यादाही ध्यानात आली. उजळलेली स्मारके प्रामुख्याने दुरून पाहणाऱ्याचे डोळे सुखावत होती. रात्री घरी परतणाऱ्या रहिवाशाची वाट हा निराळा विषय होता. २००४ च्या नव्या आराखड्यात नदीकाठ, वस्त्या आणि विजेची बचत यांना महत्त्व आले. पाठोपाठ रोनच्या डाव्या काठावरील वाहनतळ हटवून सुमारे ५ किलोमीटरचा पादचारी काठ उभा राहिला. तो २००७ मध्ये खुला झाला.

१२/
मग काळोखाचीही बाजू कायद्यात आली. डिसेंबर २०१८ च्या फ्रेंच शासकीय आदेशानुसार वारसावास्तूंवरील रोषणाई उशिरात उशिरा रात्री १ वाजता मालवावी लागते. विशेष प्रसंगी सूट मिळू शकते. नद्यांच्या पाण्यावर थेट झोत टाकण्यासही सर्वसाधारणपणे मनाई आहे. १६६७ मध्ये सत्ता अंधार हटवण्यासाठी कर घेत होती. साडेतीन शतकांनी तीच सत्ता अंधार राखण्यासाठी नियम करू लागली.

१३/
दरम्यान ८ डिसेंबरची रीत अनेक दिवसांचा भव्य प्रकाशमहोत्सव बनली होती. १३ नोव्हेंबर २०१५ रोजी पॅरिसवर दहशतवादी हल्ले झाले आणि त्या वर्षीचा महोत्सव रद्द झाला. रोषणाईचे नेहमीचे देखावे नव्हते. त्या ८ डिसेंबरला ल्योंच्या लोकांनी मृतांच्या स्मरणार्थ खिडक्यांत ल्युमिन्यों लावले. १८५२ प्रमाणेच ठरलेला सोहळा बारगळला होता आणि दिवे घरांतूनच आले होते.

१४/
जुन्या चौकाला, घाटाला किंवा पेठेला नवे दिवे लावण्याचा घाट घातला जातो, तेव्हा चर्चा बहुधा खर्चाची आणि झगमगाटाची होते. ल्योंचा इतिहास आणखी तीन प्रश्न विचारायला शिकवतो. हा उजेड कोणाच्या नजरेसाठी आहे? दहा वर्षांनी त्याची निगा कोण राखणार? आणि जिथे माणसे राहतात व झोपतात, तिथे किती काळोख शिल्लक ठेवायचा? ज्या शहराने रोषणाईने नाव कमावले, त्यालाही या प्रश्नांकडे वळायला पंधरा वर्षे लागली.

(समाप्त)